चमकणारा शेल

माझे भावजी रेडिएटर दुरुस्त करतात. ताईच्या लग्नानंतर कोणी विचारलं की आमचे वडील ‘जावई वाहन व्यवसायात आहेत’ असं मोघम सांगत. भावजींच्या कानावर ते गेलं तेव्हा ते हसून म्हणाले, “गळकी भांडी जोडतो म्हणा की सरळ. फक्त भांडी ट्रकची असतात.”

जुन्या ट्रकच्या तोंडावर, रेडिएटरभोवती, पत्र्याची मोठी चौकट असते. तिला शेल म्हणतात. एकाच कारखान्याच्या मोटारीचा आणि ट्रकचा शेल समोरून जुळ्या भावांसारखा दिसतो, बोल्टही तेच लागतात. भावजी समोरून बघतच नाहीत. शेल पालथा घालतात, आतला जोड नखाने खरवडतात, टिचकी मारून पत्र्याची जाडी ऐकतात आणि खालच्या भोकाशी चार बोटं धरतात. मग आतल्या बाजूला खडूने एकच शब्द लिहितात. त्या एका शब्दासाठी जुन्या गाड्यांचे मालक दोन-दोन दिवसांचा प्रवास करून त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये येतात.

मी मालवाहतुकीच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळतो. वर्धापनदिनाला आपला पहिला ट्रक फाटकाशी उभा करायचं कंपनीने ठरवलं. त्याचा शेल हरवला होता. सजावटीच्या ठेकेदाराने दोन आणले, एक आरशासारखा चकचकीत आणि दुसरा काळा, पोचे आलेला. मी भावजींना बोलावलं. त्यांनी चकचकीत शेलच्या आत ‘मोटार’ लिहिलं, काळ्याच्या आत ‘ट्रक’.

“काका, बोल्ट बरोबर बसतात की!” ठेकेदार म्हणाला.

“माझा सदरा तुलाही बसेल. म्हणून तू माझ्या बायकोचा नवरा होतोस का?”

मग त्यांनी समजावून सांगितलं. ट्रकचं इंजिन उंच बसतं, म्हणून गाडी चालू करायचं हॅण्डल जिथून घालतात ते भोक मोटारीपेक्षा चार बोटं वर असतं. मी मापांसकट टिपण लिहून फाइलला लावलं. संचालकांनी ते वाचलं आणि चकचकीत शेल निवडला. “काळा फोटोत उठून दिसत नाही,” म्हणाले.

इथवर मी गप्प बसलो. ट्रक त्यांचा, आवड त्यांची. पण आदल्या दिवशी ट्रकशेजारी पितळी पाटी दिसली आणि माझं डोकं फिरलं. पाटीवर भावजींचं पूर्ण नाव होतं आणि खाली ‘यांनी तपासून अस्सल ठरवलेला शेल’! ज्या माणसाने ‘नाही’ म्हटलं, त्याच्याच नावावर ‘हो’ खपवायचं? या फाटकातून रोज शंभर ड्रायव्हर जातात. त्यातला एखादा जाणता थांबला, तर थुंकेल तो भावजींच्या नावावर.

मी फाइल घेऊन संचालकांकडे गेलो.

“अहो, आपण त्यांचा मानच केला,” ते म्हणाले. “आणि कोणाला कळतंय?”

संध्याकाळी मी भावजींना सगळं सांगितलं. ताई त्यांना म्हणाली, “उद्या इस्त्रीचा सदरा घाला. जाऊ या आपण.”

कार्यक्रमात संचालक स्वतः हॅण्डल मारून ट्रक चालू करणार होते. टाळ्या सुरू झाल्या. हॅण्डल भोकात गेलं आणि आत पत्र्यावर खणकन आपटलं. पुन्हा घातलं, पुन्हा खणकन. टाळ्या विरल्या. कंपनीच्या सगळ्यात जुन्या ड्रायव्हरने वाकून पाहिलं आणि तो मोठ्याने म्हणाला, “हे तर मोटारीचं थोबाड आहे! अस्सल कोण म्हणालं?” आणि तो पाटी वाचू लागला.

ठेकेदार घाईने म्हणाला, “ड्रिल आणा, वर एक भोक पाडून टाकू.” एवढं होऊनही चूक पत्र्याचीच!

भावजी माझ्याकडे वळले. “स्क्रू-ड्रायव्हर आहे का रे?”

इतक्या वर्षांत मी चिठ्ठीशिवाय खिळासुद्धा दिलेला नाही. त्या दिवशी धावत जाऊन आणून दिला.

सगळ्यांदेखत त्यांनी पाटीचे चारही स्क्रू काढले. संचालक म्हणाले, “अहो, पाहुणे बसलेत!”

“बसू द्या,” भावजी म्हणाले. “ट्रक तुमचा, शेल तुमचा. नाव माझं आहे, ते मी घरी नेतो.”

पाटी त्यांनी ताईच्या पिशवीत टाकली, स्क्रू संचालकांच्या हातावर ठेवले. स्क्रू-ड्रायव्हर मात्र सदऱ्याला पुसून मला परत दिला.

“स्टोअरचा आहे ना,” म्हणाले, “जागेवर ठेव.”