अर्धा किलोमीटर

दुष्काळ सरल्याला वर्ष झालं होतं आणि माझ्या मित्राला दूध सोसायटीचा संचालक व्हायचं होतं. अर्ज भरायला शेवटच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत मुदत. कचेरी डोंगरापलीकडच्या गावात. अनुमोदक मी, म्हणून मलाही जाणं भाग. एसटी चुकली, कारण उमेदवाराच्या सदऱ्याची इस्त्री राहिली होती. दोन सायकली होत्या आणि सडकेनं अंतर चोवीस किलोमीटर.

"डोंगरातनं जाऊ. तो रस्ता म्याच केलाय," तो म्हणाला.

रस्ता त्यानं केला नव्हता. दुष्काळी कामावर खडी बायांनी फोडली, माती गड्यांनी वाहिली. हा मुकादम, बाभळीखाली बसून हजेरी घ्यायचा. दोन्ही गावांकडून दोन टोळ्या एकमेकींच्या दिशेनं निघाल्या होत्या. मापं मला पाठ होती, कारण त्याच्या वहीतल्या बेरजा मीच करून देत असे. इकडून साडेचार किलोमीटर, तिकडून चार. वाट नऊची. अर्धा कमी पडतो, हे मी त्याला तेव्हाच दाखवलं होतं. अर्ध्यानं काय होतंय, म्हणून त्यानं काम पूर्ण लिहिलं. खरं सांगायचं तर मलाही तो आकडा किरकोळच वाटला. अर्धा किलोमीटर सायकल ढकलायला दहा मिनिटं, असं धरून मी बाराला निघालो.

खडीवर रोलर कधी फिरलाच नव्हता. साडेचार किलोमीटरला सत्तर मिनिटं लागली. बाभळीच्या काट्यांनी दोन पंक्चर केली, त्यात आणखी वीस गेली. मग रस्ता सुरीनं कापावा तसा संपला. पुढं सरळ खाली उतरणारी घळ. पलीकडच्या काठावर उरलेला रस्ता पांढराशुभ्र दिसत होता.

काठावर एक बाई शेरडं राखत बसली होती. त्याच कामावर तिनं खडी फोडलेली. मित्रानं तिला, रस्ता कुठून वळतो, असं विचारलं. तिनं त्याच्या इस्त्रीकडं बघून घेतलं.

"ह्यो रस्ता तुमच्या वहीत हाय, मुकादम. इथं न्हाय."

सायकली खांद्यावर घेऊन आम्ही ती घळ उतरलो आणि चढलो. एक तास पस्तीस मिनिटं. सदऱ्याची एक बाही करवंदीच्या जाळीत राहिली. पुढचा चार किलोमीटरचा उतार पंधरा मिनिटांत झाला, कारण त्याच्या सायकलला ब्रेक नव्हते आणि चपलेनं चाक अडेना. पोचलो तेव्हा तीन वीस. कारकुनानं टेबलाला कुलूप घातलं होतं. सडकेनं रमतगमत आलो असतो तरी अडीचला पोचलो असतो. हे मी त्याला तिथंच सांगितलं. मग परतीच्या चोवीस किलोमीटरांत तो सायकल माझ्यापुढंच हाकत राहिला.

त्या जागेवर दुसरा उमेदवार बिनविरोध आला. आमची चुकली त्याच एसटीनं तो गेला होता.

वार्षिक सभेत मित्र उठला. सडकेच्या फेऱ्यानं दूध नासतं, तेव्हा सोसायटीनं डोंगरातला अपुरा रस्ता पुरा करून घ्यावा, असं त्यानं मांडलं. मुद्दा चोख होता. नव्या संचालकानं शांतपणे विचारलं, "पण काम पूर्ण म्हणून सही कुणाची हाय, मुकादम?"

सभा हसली. तो खाली बसला. मी पायाजवळची सतरंजी बघत राहिलो. सही त्याची होती, बेरीज माझी.