तरवार पुसायचा मान

मी वाशीत दातांचा दवाखाना चालवतो. दिवसभर लोकांच्या तोंडात हत्यारं घालायची आणि उरलेल्या वेळात जुनी हत्यारं जमवायची, असा माझा उद्योग. खंजीर, जंबिये, पेशकब्ज, नशिबानं साथ दिली तर एखादी इराणी शमशेर. सगळ्याची सरकारदरबारी रीतसर नोंद आहे, हे आधीच सांगून टाकतो. या नादात मी किती वेळा उल्लू बनलोय ते मात्र विचारू नका.

कृष्णात सुर्वेची ओळख झाली ती माझ्या अशाच एका मूर्खपणातून. एकोणीस-वीस वर्षं झाली असतील. हैदराबादहून मी एक पेशकब्ज आणलं होतं, म्हणजे सरळ पात्याचा, टोकाकडे सुईसारखा निमुळता होत जाणारा खंजीर. पातं पार काळवंडलेलं. तुर्भ्याच्या एमआयडीसीत नळ, रेलिंग, स्टीलची भांडी चमकवून देणारा एक बफिंगचा कारखाना होता, तिथे ते घेऊन गेलो. चाकावर उभा असलेला माणूस डोळे सोडून सगळा काळा झाला होता. त्यानं पातं हातात घेतलं, दाराशी उजेडात नेलं, दोनदा फिरवून पाहिलं आणि येऊन मशीनच बंद केलं.

"डाक्टर, ह्ये काम मी करनार न्हाई. आनि दुसऱ्या कुनाला करू बी देऊ नका."

मला राग आला. मी म्हटलं, "जमत नसेल तर तसं सांग."

"जमतंय म्हनूनच सांगतोय," तो म्हणाला. मग बाहेरच्या टपरीवर त्यानंच मला चहा पाजला आणि स्वतःची गोष्ट सांगितली.

कृष्णातचं गाव पाटणकडे. घरात देवापुढे एक तरवार. कुणी पूर्वज विजापूरकरांच्या चाकरीत होता, त्यानं आणलेली. पातं राखाडी, त्यावर पाण्यासारख्या बारीक लाटा, आणि मुठीजवळ सोन्यात भरलेली फारशी अक्षरं. घरात ती कुणालाच वाचता येत नव्हती, पण खंडेनवमीला हळदकुंकू मात्र आधी त्या अक्षरांना लागायचं. घरातली रीत अशी की तरवार धाकट्यानं पुसायची आणि थोरल्यानं पुजायची. धाकटा कृष्णात, थोरले हौसेराव. आईबाप लवकर गेलेले. हौसेरावांनीच याला वाढवलं, शिकवलं आणि तुर्भ्याला धाडलं.

कामाला लागून दोन वर्षं झाली आणि कृष्णातच्या अंगात कारागीर शिरला. एका गणपतीत गावी गेला आणि तरवार कारखान्यात घेऊन आला. दादांना म्हणाला, आरशागत करून आणतो. आधी खरखरीत चाक, मग कापडाचं चाक, वर पॉलिशचा मसाला. पाऊण तासात पात्यात तोंड दिसायला लागलं. लाटा गेल्या. सोनं तर पहिल्या चाकालाच गेलं, ते केसाएवढं पातळ असतं हे तेव्हा त्याला कोण सांगणार? खंडेनवमीला सगळं गाव त्या पात्यात तोंड बघून गेलं, पोरांनी भांग पाडले. हौसेरावांनी मुठीजवळ अंगठा फिरवला आणि एवढंच विचारलं, "अक्षरं कुठं गेली रं?"

 पुढच्या वर्षी तो पुसायला बसला, तर दादांनी त्याच्या हातातून फडकं काढून घेतलं. त्यानंतर तरवार तेच पुसायचे, तेच पुजायचे. बोलणं-चालणं, येणं-जाणं सगळं पूर्वीसारखं. दादा तांदूळ पाठवायचे, नंतर याच्या लेकीच्या लग्नातही तेच पुढे होते. पण फडकं काही परत मिळालं नाही.

"शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं," कृष्णात मला म्हणाला होता.

त्या दिवसापासून मी जे काही घेतलं ते आधी त्याला दाखवून. दिघ्याच्या त्याच्या दहा बाय बाराच्या खोलीत मुंबई-पुण्याचे मोठमोठे शौकीन चपला काढून बसलेले मी पाहिलेत. त्याची बायको विजयमाला म्हणायची, "घरातल्या विळीला धार न्हाई, आनि ह्ये लोकांच्या तरवारी बगत्यात." माणूस सातवी पास, पण त्या चुकीनंतर दिसेल ते जुनं पातं बघत सुटलेला, आणि नजर अशी की भल्याभल्यांची बोबडी वळावी. जुन्या पोलादाच्या अंगातलं पाणी, ज्याला जाणकार जौहर म्हणतात, ते खरं की तेजाबानं वर काढलेलं चित्र, हे तो भिंग लावून सांगायचा. खरं पाणी ओरखड्याच्या तळातही चालू राहतं, खोटं ओरखड्याशी तुटतं. इस्फहानच्या असदुल्लाचं नाव दिसलं की हसायचा. एवढ्या तरवारींवर ते नाव आहे की तो लोहार दोनशे वर्षं जगला असला पाहिजे. आणि कोणतं पातं चाकावर मेलंय, हे तर त्याला भिंगाशिवाय कळायचं. अक्षरांच्या कडा गोल झालेल्या असतात. "ह्येचा पन कुनीतरी किस्नात हुता," असं म्हणून तो ते पातं हळूच खाली ठेवायचा.

कुठलीही तरवार आली की तो आधी मुठीजवळ बघायचा. पाकिटात एक कागद होता, त्यावर आठवणीतली अक्षरं काढलेली. तुर्भ्यातल्या एका म्हाताऱ्या उर्दू मास्तरांना त्यानं तो दाखवला, तर ते म्हणाले, "भाई, ये तो चींटी के पाँव हैं." तरी कागद त्यानं टाकला नाही. शेकडो पाती त्यानं ओळखली, पण घरची तरवार कुठली, केव्हाची, हे त्याला सांगता येत नव्हतं. तीस वर्षांत ती त्याच्या हातातच आली नव्हती, आणि मागायची हिंमत नव्हती. मी एकदा म्हटलं, राजस्थानात कारागीर आहेत, नवं सोनं भरून देतील. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

गेल्या वर्षी हौसेरावांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ऐरोलीत करायचं ठरलं. नेमकं नवरात्रात. पूजा चुकायला नको म्हणून म्हातारा तरवार घोंगडीत गुंडाळून एसटीनं घेऊन आला. वय अठ्ठ्याहत्तर. कंडक्टरला काठी आहे म्हणून सांगितलं.

खंडेनवमीला कृष्णातनं मला मुद्दाम बोलावलं. दादा तरवार पुसताना एकट्यानं बघवणार नाही, असं काहीसं फोनवर म्हणाला. मी गेलो तेव्हा हौसेराव डोळ्यावर हिरवी पट्टी लावून पाटाशेजारी खुर्चीवर बसले होते. वाकायचं नाही, अशी डॉक्टरांची ताकीद होती. पाटावर तरवार होती. कृष्णात भिंतीला टेकून उभा होता. सत्तावन्न वर्षांचा माणूस, पण शाळेत उभं केल्यासारखा.

"बसलायस का न्हाई?" हौसेरावांनी विचारलं.

"कशाला?"

"पुसाय. मला वाकता येतंय व्हय?"

कृष्णात बसला. विजयमालेनं फडकं दिलं. त्यानं पातं मांडीवर घेतलं आणि बराच वेळ नुसता हात ठेवून राहिला. मग लिंबू कापलं, पोलादात दडलेलं पाणी आंबटानं वर येतं म्हणून रस कोमट केला आणि फडक्यानं मुठीपासून टोकापर्यंत हळूहळू चोळत गेला. पुन्हा, पुन्हा. अर्ध्या तासानं त्या आरशावर धुरकट रेषा दिसू लागल्या. मी भिंग पुढे केलं, त्यानं नको म्हटलं.

"दख्खनी हाय," तो म्हणाला. "पानी खरं हाय, दादा. आत हाय अजून. मेलं न्हाई."

"आनि अक्षरं?"

"ती न्हाई येत परत."

हौसेरावांनी मान हलवली. कृष्णातचा आवाज एकदम चढला. इतक्या वर्षांत मी तो कधी चढलेला ऐकला नव्हता. "म्हनून तीस वर्सं हात लावू दिला न्हाई ना मला? एवडी शिक्षा?"

"कसली शिक्षा?" म्हातारा खरंच गोंधळला. "त्या साली पुसाय बसलास तवा तुजा हात थरथरत हुता. डोळ्याला पानी लागलं हुतं. मला बगवंना. म्हनलं, ह्येला दर वर्सी कशाला रडवायचं? आपुन पुसू."

 विजयमालेनं तोंडाला पदर लावला. मी उगाच खिडकीबाहेर बघितलं, माझंही काही खरं नव्हतं.

"सांगायचं तरी हुतं की, दादा."

"तू तरी कवा इचारलंस?"

कृष्णात म्हणाला, "पुढच्या वर्सी मी गावाला येऊन पुसतो. मीच पुसनार."

"पुढच्या वर्साचं कुनी बगितलंय लेका," हौसेराव म्हणाले. "आत्ताच पूस की आनिक एकदा."

पातं स्वच्छ होतं. कृष्णातनं फडकं झटकलं आणि पुन्हा मुठीपासून सुरुवात केली.