डाव्या हाताचं दान

"आमच्या परीक्षकाला दान डाव्या हातानं दिसलं," वामनराव पाहुण्यांना सांगत होते, "कारण साहेब पडद्यामागं बसतात."

खुर्च्यांवरची मंडळी पोट धरून हसली. मी तिथंच होतो. पडद्यामागं. त्यांच्या माझ्यात फक्त एक ओलं कापड.

तेव्हा सिनेमा मुका होता. उन्हाळ्यात लोणावळ्याला हवा खायला बंगलेवाले आले की पाठोपाठ सिनेमाचा तंबू यायचा. पडद्यापुढं खुर्च्या त्यांच्या. त्यामागं गावकरी. आम्हा महारांची जागा पडद्याच्या पाठीला, जमिनीवर. पडद्यावर पाणी मारत, म्हणजे चित्र आरपार दिसे. पण उलटं. उजवा हात डावा. अक्षरंही उलटी. मी सातवी पास, पोटासाठी स्टेशनवर हमाल. उलटी अक्षरं मी सुलटी करून मोठ्यानं वाचायचो आणि आमची सगळी माणसं कान देऊन ऐकायची. सिनेमा बारकाईनं बघायला मी तिथं शिकलो.

वामनराव वकिलाचे चिरंजीव, स्वतःचं साप्ताहिक काढायचे. एकदा फलाटावर फिल्मचे डबे उतरवताना मी एका चित्रपटाबद्दल बोललो. ते ऐकतच राहिले. म्हणाले, लिही. मी लिहू लागलो, ते छापू लागले. खाली नाव नसायचं, नुसतं 'आमचा परीक्षक'. मी कुठं बसून बघतो हे त्यांना मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांच्यातल्या कुणीच कधी तसा ठेवला नव्हता. मी विरघळलो. गाढव होतो.

पुढं त्यांनी एका बंगल्याच्या पटांगणात चित्रसप्ताह भरवायचं काढलं. कोणते चित्रपट मागवायचे, कुठला आधी, कुठला शेवटी, सगळं मी ठरवलं. जाहिरातीत नाव माझं आणि पहिल्या दिवशी पडद्यापुढं उभं राहून चार शब्द मी बोलायचे, असा शब्द होता त्यांचा. त्या नावासाठी मी जीव टाकला. जाहिरात निघाली, नाव त्यांचं. विचारलं तर म्हणाले, पाहुणे बुजतात रे, पुढच्या वर्षी बघू. आणि पहिल्या संध्याकाळी मला बोटानं जागा दाखवली. मागं.

वर पाहुण्यांपुढं हा विनोद. कुणा पाहुण्यानं त्यांच्या साप्ताहिकातली चूक काढली, तर आपली अब्रू वाचवायला माझी वेशीवर टांगली.

चूक माझीच होती. एका चित्रपटात श्रीमंताघरची बाई दारातल्या भिकारणीला भाकर देते. उजव्या हातानं. मी लिहिलं, डाव्या हातानं देते, आणि तिचा सगळा तिरस्कार तेवढ्यात कळतो. एरवी मी प्रत्येक गोष्ट मनात सुलटी करूनच लिहायचो. ही सुलटी करायचं सुचलंच नाही. आम्हाला लोकांच्या दारात जे मिळालं ते असंच मिळालं होतं.

हसणं थांबेना. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. तेव्हा शेजारी बसलेली आमच्या वस्तीतली पारूमावशी हळूच म्हणाली, "खोटं काय लिव्हलंस तू? आमाला तर डाव्याच हातानं दिलं तिनं."

माझी मान वर झाली. इतके दिवस मी डोळ्यांना दिसलेलं त्यांच्यासाठी सुलटं करून देत होतो. मावशीनं कधी केलं नव्हतं.

मी उठलो. पडद्याच्या खांबाला वळसा घालून पुढं आलो. सिनेमाच्या मशीनचा उजेड तोंडावर. वामनराव दात चावत पुटपुटले, "मागं जा. तमाशा नको."

मी खुर्च्यांकडं बघून सांगितलं की तो लेख माझा आहे, हे चित्रपटही मीच निवडलेत. पुढचं बोलायच्या आत दोघांनी दंड धरून मला रस्त्यावर काढलं.

आठवडा उलटला नाही तोच वामनराव फलाटावर हजर. म्हणाले, गंमत होती रे, मनावर घेऊ नकोस. या अंकाला परीक्षण नाही. लिही, नावाचं पुढं बघू.

मी डोक्यावरचं ओझं खाली ठेवलं.

"न्हाई वामनराव. माजं मत पायजे तर माज्या नावासकट छापा. गावासकट, जातीसकट. तेवढी छाती नसंल तर सिनेमा तुमी बघा आन् तुमीच लिवा."

त्यांनी छापलं नाही. मी दुसऱ्या वर्तमानपत्रांकडं लेख धाडू लागलो. बरेच परत आले. परत आलेला लेख मी तिसरीकडं धाडतो. नाव खोडून एकही धाडलेला नाही, धाडणारही नाही. आणि जिथं माझी माणसं मागं बसवली जातात, तिथले चित्रपट मी निवडणार नाही. मला एकट्याला पुढची खुर्ची दिली, तरी नाही.