नानांचे अडलेले पिस्तूल

पूजेनंतर निर्माल्य जसे आपोआप साठते, तसे किस्से साठतात. कोणी मुद्दाम गोळा करत नाही आणि टाकून द्यायला हात धजत नाही.

माझी टोपली भरली ती बीडमधल्या गफूर उस्तादांच्या दुकानात. उस्ताद परवान्याची हत्यारे दुरुस्त करतात. माझ्या वीणेची सैल झालेली खुंटी त्यांनीच बसवून दिली, तेव्हापासून सकाळची पूजा आटोपली की मी तिथे जाऊन बसतो. चौसाळ्याचे माझे बालमित्र नानाही तिथे येत, पण पिस्तूल घेऊन. बांधावरून धाकट्या भावाशी, बापूशी, त्यांचे बिनसले होते. "बघून घेतो," असे बापू भर पारावर बोलून गेला आणि शेताच्या राखणीसाठी घेतलेले पिस्तूल नानांच्या उशाशी आले. झोप मात्र उशी सोडून गेली.

*

नानांनी स्वसंरक्षणाच्या म्हणून नव्या गोळ्या आणल्या. जुन्या गोळ्यांचे तोंड गोल, यांचे पसरट आणि मध्ये खोलगट. पहिली गोळी नळीत जाई, दुसरी दाराशीच अडे.

उस्तादांनी भिंगातून पाहिले. नळीच्या तोंडाशी एक छोटा उतार असतो; गोल गोळी त्यावरून घसरत आत जाते, पसरट तोंडाची तिथेच ठेचकाळते, असे त्यांनी समजावले.

"नाना, सून नवी हाय. तिला वाकायला सांगायचं, का उंबरा घासायचा?"

नाना म्हणाले, "आमच्या घरी तर उंबराच घासला गेला."

उस्तादांनी तो उतार अगदी हलक्या हाताने गुळगुळीत केला.

*

तरीही पिस्तूल अडेच. दुकानामागे वाळूची पेटी आहे, तिच्यात उस्ताद चाचणी घेतात. उस्तादांच्या हातात ते सुरळीत चाले, नानांच्या हातात अडे. मनगट ढिले पडले की वरचा भाग पुरता मागे जात नाही आणि पुढची गोळी अर्ध्यावर राहते, असे निदान झाले.

मला राहवले नाही. नाना माझ्या भजनातले टाळकरी. मी म्हणालो, "नाना, टाळ धरतोस तसं धर."

नानांनी तसेच धरले. पिस्तूल पुन्हा अडले. माझ्या लक्षातच आले नव्हते, की टाळ घट्ट धरला तर वाजतच नाही!

उस्ताद हसले नाहीत. मला म्हणाले, "महाराज, तुमी वीणेपुरतंच सांगत जा."

*

पुढच्या खेपेला गोळ्या ठेवायच्या मॅगझिनची स्प्रिंग थकलेली निघाली. ती जुनी झाली होती, गोळ्या वर ढकलायला तिच्यात जोर उरला नव्हता. नवी मिळेपर्यंत मॅगझिन दुकानात ठेवून जा, असे उस्तादांनी सांगितले. नाना जागचे हलेनात. रिकाम्या पिस्तुलाशेजारी झोपायचे कसे, असे त्यांनी अडखळत विचारले.

"लोखंड बी थकतंय, नाना," उस्ताद म्हणाले. "तुमी काहून थकत न्हाई?"

नानांनी मान खाली घातली. बापूला खांद्यावर बसवून आपण शाळेत न्यायचो, एवढेच ते बोलले. मग मॅगझिन ठेवून गेले.

*

नवी स्प्रिंग बसली, तरी पिस्तूल अडतेच म्हणून दसऱ्यानंतर नाना पुन्हा हजर. उस्तादांनी मॅगझिन उलटे करून झटकले, तर त्यातून हळद, कुंकू आणि अक्षतांचे दाणे पडले. नानांच्या बायकोने, आमच्या वहिनींनी, शस्त्रपूजा केली होती, ती अगदी आतपर्यंत. उस्तादांनी दाणे कागदाच्या पुडीत बांधून अदबीने माझ्या हाती दिले आणि नानांबरोबर निरोप धाडला, की भाभींनी पूजा वरच्या वर करावी.

वहिनींचा उलट निरोप आला, "देवाला नैवेद्य तोंडाशीच दावत्यात."

*

उन्हाळ्यात एका सकाळी दुकानासमोर जीप थांबली. गाडी बापू चालवत होता, शेजारी नाना, मागे वहिनी. माझा हात जपमाळेवरच थबकला.

हकीकत नानांनीच सांगितली. पहाटे गोठ्याकडे पावले वाजली. त्यांनी पिस्तूल उचलले, वरचा भाग मागे ओढला आणि गोळी दाराशीच अडली. ती मोकळी करायची धडपड चालली होती, तेवढ्यात अंधारातून आवाज आला.

"दादा, मी हाय. गाय अडलीय. तुझाच हात पायजे."

अडलेली गाय सोडवावी तर नानांनीच, हे पंचक्रोशीला ठाऊक आहे. पिस्तूल ओट्यावर टाकून ते भावामागे धावले. उजाडता उजाडता कालवड झाली.

नानांनी पुढे केलेल्या पिस्तुलाचे मॅगझिन उस्तादांनी उलटे करून झटकले. कुंकवाने माखलेले तांदूळ कागदावर पडले, ओलसर आणि लालभडक.

"दसऱ्याला तर अजून लई अवकाश हाय," उस्ताद हळूच म्हणाले.

नानांनी वहिनींकडे पाहिले. त्यांनी पदर सावरला, कागदावरचे दाणे वेचले, आधी नानांच्या आणि मग बापूच्या डोक्यावर टाकले. बापूने वाकून दोघांच्या पायांना हात लावला.

उस्ताद खाकरले. "नाना, साफ करून देऊ?"

उत्तर वहिनींनी दिले.

"द्या की. उद्याच्याला पुन्हा पूजा हाय."