विहिरीतला पाव

पक्षाचे तालुकाप्रमुख वसईच्या नाक्यावर चहात पाव बुडवून खात होते. समोर माझे शेजारी इनासमामा बसले होते, नगरसेवकपदाचं तिकीट मागायला. मी नुसता सोबतीला. "काम तुमचं चोख आहे हो मामा," प्रमुख म्हणाले, "पण उद्या वेळ आली तर ऐकणार कुणाचं? पक्षाचं की फादरचं?"

गटार तुंबलं की सगळी आळी ज्याच्या दाराशी जाते, त्या माणसाला हा प्रश्न. माझं डोकं सणकलं. पण प्रश्न जुनाच आहे. इंग्लंडात एके काळी कॅथलिक माणसाला संसदेत बसायचं तर आधी शपथेवर सांगावं लागे, की मिस्सेतला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेतला, पाव हा नुसता पाव आहे, त्याचं ख्रिस्ताचं शरीर होत नाही. म्हणजे श्रद्धा चपलेसारखी दाराबाहेर काढा, मग आत या. ज्याला ते जमत नसे, तो बाहेरच राही.

आमच्याकडे उलटंच. इथे पाव नुसता पाव कधी राहिलाच नाही. पोर्तुगिजांच्या काळी विहिरीत पाव टाकला, ते पाणी प्यायली म्हणून गावंच्या गावं बाटली, अशी गोष्ट सांगतात. त्या विहिरी कधीच बुजल्या. संशय तेवढा बुजत नाही. मराठीत भांडतो, मराठीत रडतो, तरी विचारणार, तुम्ही नक्की कुणाचे?

प्रमुखांनी बशी पुढे सरकवली. "पाव घ्या ना, मामा."

"नको," इनासमामा उठत म्हणाले. "आमच्या विहिरीतला एक तुम्हाला अजून पचलेला नाही."