तुमच्या आई

कुणी "थँक यू" म्हटलं की आमच्या वहिनी हसून "युअर प्लेझर" म्हणायच्या.

काशीत ब्रह्मा घाटाच्या वरच्या गल्लीत आमचं घर आहे. दादा बँकेतून निवृत्त झाल्यावर त्याने वरच्या दोन खोल्या परदेशी पाहुण्यांसाठी सुरू केल्या. म्हणजे दादाने पाटी लावली आणि बाकीचं सगळं वहिनींनी केलं. चहा, पोहे, चादरी, सकाळच्या नावेची बोलणी, आणि वर हे इंग्रजी. मी विद्यापीठात इंग्रजी शिकवते आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहते. खुब्याचं हाड मोडल्यापासून आई पलंगाला खिळली आहे, म्हणून मी दर रविवारी येते. येतेच आहे तर वहिनींना चार वाक्यं शिकवावीत, असं मी ठरवलं. मला कुणी विचारलं नव्हतं, पण माझं तसं अडत नाही.

आमची शाळा आईच्या पलंगाशी भरायची. वहिनी आईला मऊ भात भरवायच्या आणि मी खुर्चीत बसून त्यांच्या चुका काढायचे. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. तेव्हा मात्र मला ती मदत वाटत होती.

वहिनींच्या चुका बहुतेक माझं-तुझंच्या. पाहुण्याने नाव विचारलं की त्या "माय गुड नेम इज" अशी सुरुवात करायच्या.

"वहिनी, शुभनाव दुसऱ्याचं असतं," मी म्हटलं. "स्वतःचं नुसतं नाव."

"का? माझं नाव अशुभ आहे का?"

आई इतकी हसली की तोंडातला भात सांडला.

मग "युअर प्लेझर"वर आलो. मी समजावलं, त्यांचं काम करण्यात आपल्याला आनंद झाला असं म्हणायचं असतं, म्हणून "माय प्लेझर".

"आनंद तर त्यांना झाला, वन्सं. माझी कमर दुखली."

"ती म्हणायची पद्धत आहे. सभ्यपणा."

"म्हणजे झूठ," वहिनी म्हणाल्या आणि आईचं तोंड पुसू लागल्या. पण पाठ केलं त्यांनी. भांडी घासतानासुद्धा "माय प्लेझर, माय प्लेझर" चालायचं.

पावसाळ्यानंतर एक वयस्कर परदेशी जोडपं राहायला आलं. वहिनींनी त्यांना खाली आणून आईची ओळख करून दिली, "धिस इज युअर मदर." मराठीत त्या कायम "आपल्या आई" म्हणत. आपल्या आईंना दही आवडत नाही, आपल्या आईंना आज झोप नाही. आमच्याकडे घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी, त्यामुळे इंग्रजीच्या वाटेवर "आपल्या"चं "आपकी" झालं आणि "आपकी"चं "युअर". त्या परदेशी बाईंना यात काही वावगं वाटलं नाही. त्यांनी वाकून आईचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. आईनेही सोडला नाही.

मला मात्र चूक दिसली. ती मंडळी वर गेल्यावर मी सांगितलं, "युअर नाही. माय मदर-इन-लॉ म्हणा."

"लॉ म्हणजे कायदा ना?"

"हो."

"कायद्याने आई," वहिनी म्हणाल्या. "आपली म्हणायला काहीच नाही का त्यांच्यात?"

"अवर आहे. पण इथे बसत नाही."

बसत नाही कशाला? चांगला ऐसपैस बसतो. वहिनी माझ्याकडे बघून "अवर मदर" म्हणाल्या असत्या तर जगातल्या कुठल्याही परीक्षकाने पूर्ण गुण दिले असते. मला ते ठाऊक होतं. पण तो शब्द त्यांना द्यायला माझा हात पुढे झाला नाही. आई माझी, एवढंच माझ्याकडे होतं. बाकी तिचं खाणं, न्हाणं, रात्रीचं उठणं-बसणं सगळं वहिनींकडे होतं.

या हिवाळ्यात आईचं सहस्रचंद्रदर्शन झालं. घाटावरची चार मराठी घरं आली, गुरुजी आले, ते परदेशी जोडपंही पुन्हा काशीला आलं होतं, तेही मांडी घालून बसलं. औक्षणानंतर दादा म्हणाला, तू दोन शब्द बोल. मी इंग्रजीत बोलले. पाहुण्यांना कळावं म्हणून, असं कारण होतं. खरं कारण, मला बोलून दाखवायचं होतं. शेवटी मी म्हटलं, "आय थँक माय सिस्टर-इन-लॉ फॉर टेकिंग सच गुड केअर ऑफ माय मदर."

व्याकरणात कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. टाळ्या पडल्या. वहिनी निरांजनाचं तबक घेऊन दाराशी उभ्या होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "माय प्लेझर, मॅडम."

सगळे हसले. मी तर हरखलेच. एवढ्या माणसांत त्यांचं "माय" न अडखळता बरोबर आलं होतं. पुढचं "मॅडम" माझ्या कानावरून तसंच गेलं.

पुढच्या रविवारी वहिनींनी मला दार उघडलं आणि सांगितलं, "तुमच्या आईंनी आज दोन घास जास्त घेतले." मी लक्ष दिलं नाही. जरा वेळाने, "तुमच्या आईंच्या गोळ्या संपल्यात." मग तुमच्या आईंची कूस बदलायचीय, तुमच्या आईंना ऊन दाखवते. दिवसभरात एकदाही "आपल्या" आलं नाही. घरी परतताना रिक्षात मला कळलं आणि तोंडाची चव गेली.

त्याच्या पुढच्या खेपेला मी स्वयंपाकघरात जाऊन म्हटलं, "वहिनी, असं परक्यासारखं काय बोलता?"

"गलत बोलले का?" त्या पोळी लाटत होत्या. "तुम्हीच तर बोललात. सगळ्यांच्या समोर."

"ती नुसती आभार मानायची पद्धत असते हो."

"माहीत आहे. मेहमान जाताना तेच करतात. नाश्ता छान होता, चादरी साफ होत्या, थँक यू. त्यांना जे म्हणते तेच तुम्हाला म्हटलं."

"चुकलं माझं," मी म्हटलं. फार घाईने म्हटलं. वहिनींनी पोळी तव्यावर टाकली.

गेल्या रविवारी वहिनी गच्चीत कपडे वाळत घालायला गेल्या होत्या. आईने माझी ओढणी धरून मला खाली ओढलं.

"अगं, मला तुझ्याकडे न्यायचं ठरलंय का?"

"कुणी सांगितलं तुला?"

"सूनबाई हल्ली तुझ्याशी बोलताना तुमच्या आई, तुमच्या आई म्हणते. मला ऐकू येतं." तिचा आवाज लहान झाला होता. "नेणार असशील तर ही उशी बरोबर घे. तिनं शिवलीय. दुसरीवर मला झोप येत नाही."

त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे काय आलं? तिसरा मजला. नसलेली लिफ्ट. सकाळचे तास, रात्रीचं उठणं. आई आली ती सगळ्यात शेवटी.

"छे गं, कुणी नेत नाहीये तुला," मी म्हटलं. माझा आवाज सुटका झाल्यासारखा आला. मलाच ऐकवेना.

मी वळले तर दारात वहिनी, हातात रिकामी बादली. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला एक शब्द बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी बादली खाली ठेवली, पदराला हात पुसले, माझ्या बाजूने पुढे गेल्या आणि आईवर वाकून तिची उशी सरळ केली.

"आई, आपण कुठंच जात नाही," त्या म्हणाल्या. "आपलं घर सोडून कुठं जायचं?"

आईने डोळे मिटले. मी उभीच होते. मराठीत "आपण" म्हटलं की ऐकणारा त्यात धरलेला असतो, इंग्रजीत ती सोय नाही, हे मी वर्गात मोठ्या हौसेने सांगते. वहिनी बोलल्या तेव्हा त्या आईकडे बघत होत्या आणि माझ्याकडे त्यांची पाठ होती.