बाल्त्रुसची अश्वा

आमच्या वार्नेनाय गावात बाल्त्रुस क्वेदारस नावाचा एक गृहस्थ राहतो. गृहस्थ म्हणायचं ते त्याच्या बायकोमुळे. गाय, घोडी, कुट्टूचं शेत, सगळं मार्त्सेलेकाकू बघते. बाल्त्रुसकाका बोलतो. तोच त्याचा धंदा.

निम्म्या जगाच्या भाषांची म्हणे एकच खापरपणजी होती. तिचं बोलणं कुणी ऐकलेलं नाही, लिहून ठेवलेलं नाही. पण प्रोफेसर लोक पतवंडांची तोंडं न्याहाळून तिचे शब्द जुळवतात आणि प्रत्येक शब्दाआधी एक चांदणी काढतात. चांदणी म्हणजे, हा शब्द सापडलेला नाही, पण असणारच. या पतवंडांत आम्ही लिथुआनियाचे खेडूत सगळ्यांत तिच्या तोंडावळ्याचे, असं ठरलंय. आम्ही धुराला दूमास म्हणतो, मेंढीला अविस, मुलाला सूनुस. हिंदुस्थानच्या पोथ्यांतही धूम, अवि, सूनु आहेत म्हणे. त्यामुळे उन्हाळ्यात रानात अळंबी उगवली की पाठोपाठ प्रोफेसरही उगवतात.

बाल्त्रुसकाका त्यांना शब्द देतो थोडे आणि त्यांच्याकडून उचलतो जास्त. एका वर्षी एक टकला प्रोफेसर घरची दारू पिऊन हळवा झाला. घोडीला तुमच्या जुन्या ग्रंथांत अश्वा म्हटलंय, तो शब्द जिवंत माणसाच्या तोंडून एकदा ऐकला की मी मरायला मोकळा, असं काहीतरी तो बरळला. आमच्याकडे घोडीला कुमेले म्हणतात. माझा आजाही तेच म्हणायचा. पुढच्या उन्हाळ्यात मात्र क्वेदारसांच्या अंगणात अश्वा चरू लागली, अर्थात पाहुणे असतील तेवढा वेळ.

गेल्या जूनमध्ये नॉर्वेहून सोल्वेग नावाची बाई आली. ऑगस्टअखेर विल्नियसला मोठं संमेलन होतं. तिथे मंचावर बसवायला तिला एक अस्सल बोलणारा हवा होता. तीन वर्षांपूर्वी हा मान नदीपलीकडच्या योकूबासला मिळाला होता आणि त्याचा फोटो पेपरात आला होता. तेव्हापासून बाल्त्रुसला अन्न गोड लागत नव्हतं. बाई येणार कळल्यावर त्याने दाढी केली, बापाचा कोट घातला आणि बायकोला बजावलं की तोंड उघडायचं नाही, टेप खराब होते.

मी दुधाचे कॅन न्यायला गेलो तेव्हा काकू मुकाट्याने कुट्टूचा केक वाढत होती आणि काका आगीपासून लांडग्यापर्यंत एकेक शब्द सोडत होता. मग बाईने घोडीचं विचारलं. त्याने डोळे मिटले, जणू शब्द पाताळातून यायचा होता, आणि म्हणाला, "अश्वा." बाईने टेप चालू आहे ना, ते पुन्हा वाकून पाहिलं.

तेवढ्यात घोडी कुंपण मोडून कुट्टूत शिरली. काका कोटासकट धावला आणि ओरडला, "कुमेले! मेले, निघ तिथून!" टेप चालूच होती.

तो परत येईपर्यंत बाईचा चेहरा उतरला होता. तिने पुस्तकी लिथुआनियनमध्ये नम्रपणे विचारलं की आता आपण तिला काय म्हणालात. मला वाटलं, संपला आता काका. काकूने हातातला चाकू खाली ठेवला.

कोटाचं गवत झटकत तो म्हणाला, "ते रागातलं, बाई. पोरीला रागात आपण नावाने हाक मारतो का? लाडात अश्वा. रागात कुमेले."

बाईने हे अक्षरन् अक्षर लिहून घेतलं. वर दोनदा अधोरेखित केलं. नॉर्वेपर्यंत शिकलेली बाई, पण हवं ते ऐकू आलं की तिचाही बाल्त्रुस होतो. निवड तिथेच झाली.

ती गेल्यावर काकू एवढंच म्हणाली, "दुसऱ्या कापणीचं गवत त्याच आठवड्यात आत घ्यायचंय, म्हाताऱ्या. ते काय लाडाने येणार आहे आत?" तो म्हणाला, बायकांना इतिहास कळत नाही.

विल्नियसला त्याला मीच गाडीतून नेलं. वाटभर तो आरशात भुवया चढवून बघत होता. मंचावर त्याला फुलं दिली. मग एका पांढऱ्या केसांच्या प्रोफेसराने विनंती केली की सकाळी घोडीला जशी हाक मारता, तशीच इथे मारून दाखवा.

काका उभा राहिला आणि तसाच राहिला. वीस वर्षांत त्याने घोडीला सकाळी हाक मारलेलीच नव्हती. तो पलंगावर असतानाच काकू तिला पाणी पाजून आलेली असायची. शेवटी पोस्टात बाकड्यावरच्या माणसाला पुढे बोलावतात त्या सुरात तो म्हणाला, "अश्वा, इकडे या."

तीनशे माणसांच्या त्या सभागृहात घोडीला कधी हाक मारलेलं एकही माणूस नव्हतं. सगळ्यांनी उठून टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेतल्या दोघांनी तर डोळे पुसले.